"हमीभाव आहे, मग शुल्क काढल्याने शेतकऱ्याचं काय गेलं?" याला उत्तर

केळापूरकर

परवा एका सदस्याने लिहिलं होतं: "कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं ते उत्तमच झालं. शेतकऱ्याला हमीभाव आहे, सीसीआय (केंद्राचं कापूस महामंडळ) घेणारच आहे, मग ओरड कशाची? गिरण्या जगल्या तर शेतकरी जगेल." खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी तारखा बघा. १९ ऑगस्ट २०२५ ला शुल्क काढलं, मुदत ३० सप्टेंबरची. तोवर माझी तक्रार नव्हती. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात कापूस नसतो. पण २८ ऑगस्टला मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमचा पहिला-दुसरा वेचा. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झालं की वेचणी सुरू, आणि त्या कापसावर कृषी केंद्राची उधारी, बायांची वेचाई, पोरांची फी, सगळं टांगलेलं. मार्चपर्यंत कापूस घरात भरून ठेवायची ऐपत माझ्या गावात मोजक्याच घरांची आहे. बाकीचे डिसेंबरच्या आत विकून मोकळे होतात. म्हणजे परदेशी कापसाला दार उघडं राहिलं ते नेमकं आमचा माल बाजारात असेपर्यंत.

आता हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला लांब धाग्याला ८११०, मध्यम धाग्याला ७७१०. पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत, त्याच्या वर कपात, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही, पहिला वेचा कोरडा कुठून येणार? त्यात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी, सातबारा हवा, ई-पीक पाहणी हवी, मग स्लॉट. मक्त्याने (भाड्याने) शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतं का? माझ्या शिवारात जवळपास निम्मी जमीन मक्त्याने कसली जाते. मालक नागपुरात, त्याचा ओटीपी नागपुरात, कापूस इथे. तो माणूस शेवटी खाजगी जिनिंगवर (सरकी काढणाऱ्या कारखान्यात) साडेसहा-सात हजारात घालून येतो. आणि इथे लिहिलं जातं की हमीभाव आहेच.

शेवटचं आणि माझ्या मते मुख्य. एप्रिल २०१० मध्ये जगात कापूस महाग होत होता, तेव्हा निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा निर्यातबंदी, ओरड झाल्यावर आठवडाभरात मागे घेतली, पण बाजार पडायचा तो पडला. २०२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, तर एप्रिलमध्ये आयात शुल्क काढलं. बाहेर महाग असलं की निर्यातीचं दार बंद आणि बाहेर स्वस्त असलं की आयातीचं दार उघडं. एकदा तरी हे दार आमच्या बाजूने हललंय का? कोणी एक उदाहरण दाखवा.

खर्चीवाला

इचलकरंजीतून लिहितोय. दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही 'गिरण्या' म्हणता तेव्हा डोळ्यासमोर कोण असतं? आम्ही खर्चीवाले यंत्रमागधारक. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्हाला कापडातल्या प्रत्येक पिकाला (आडव्या धाग्याला) काही पैसे मजुरी. त्यात वीजबिल, कांडीवाली, वहिफणीवाला, जॉबर असे मागाच्या कामातले सगळे भागवायचे. माझ्या गल्लीतले कितीतरी माग भंगारात किलोवर गेले. सूत महाग झालं की व्यापारी बीम (सूत गुंडाळलेला रूळ) देत नाही आणि माग उभे राहतात. मागावरचा कामगारही शेतकऱ्याचंच पोर आहे, बहुतेक सीमाभागातलं नाहीतर सोलापूरकडचं.

११ टक्के शुल्क २०२१ च्या बजेटमध्ये लावलं. त्याआधी कितीतरी वर्षं कापूस शुल्काशिवाय येत होता. तेव्हा तुम्ही मेलात का?

केळापूरकर

हो, मेलो. यवतमाळ जिल्ह्यात राहून हा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो, याच्यासारखं दुसरं दुःख नाही.

खर्चीवाला

शब्द चुकला. तसं म्हणायचं नव्हतं. मुद्दा मात्र तोच आहे.

होजिअरीवाला

तिरुपूरला आहे, मूळचा सांगलीचा. थोडा हिशेब मांडतो, कारण या विषयावर भावना खूप आणि हिशेब कमी.

शुल्क काढल्यावर सीसीआयने आपल्या गाठींचा भाव दोन दिवसांत खंडीमागे ११०० रुपयांनी उतरवला. सगळीकडे 'भाव कोसळले' अशी ओरड झाली. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस. ३४ टक्के उतारा (शंभर किलो कापसातून ३४ किलो रुई) धरला तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे क्विंटलला शंभराच्या थोडं वर. तुमचा भाव हमीपेक्षा हजार-दीड हजाराने खाली आहे, त्यातले शंभर शुल्काचे. उरलेले कोणाचे?

दुसरं, २०२४-२५ च्या हंगामात देशात ४१ लाख गाठींच्या आसपास आयात झाली. त्याआधीच्या वर्षी १५ लाखांच्या घरात होती. त्या हंगामाचे शेवटचे सहा आठवडे सोडले तर शुल्क लागूच होतं. ११ टक्के भरूनही गिरण्यांना ब्राझीलचा कापूस परवडत होता. म्हणजे भिंत होती आणि पाणी भिंतीवरून येतच होतं. का? आपलं पीक २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींचं होतं, ते ३१२ लाखांवर आलं. त्यातल्या सुमारे १०० लाख गाठी सीसीआयने उचलल्या. बाजारात मालच कमी.

आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत आमच्या मालावर ५० टक्के कर लागला. तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामला २०, पाकिस्तानला १९ होता. आमच्या युनिटमध्ये त्या आठवड्यात पॅक झालेला माल उभा राहिला. खरेदीदार म्हणाला, अर्धा कर तुम्ही सोसा, नाहीतर राहू द्या. शिलाईच्या लाइनवर ओडिशाच्या आणि झारखंडच्या मुली आहेत, त्यांना दोन महिने निम्म्या पाळ्या मिळाल्या. अशा वेळी सरकारने कच्चा माल स्वस्त केला तर त्यात पाप काय?

केळापूरकर

क्विंटलला शंभराचा हिशेब बरोबर आहे, मान्य. पण तो पहिल्या दोन दिवसांचा आहे. व्यापारी आजचा भाव बघून सौदा करत नाही, बंदराकडे निघालेल्या जहाजाचा भाव बघून करतो. डिसेंबरपर्यंत दार उघडं आहे हे कळल्यावर ऑक्टोबरात घाईने खरेदी कोण करेल?

निर्यातीचं कारण मला सांगू नका. जो निर्यात करतो त्याला ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर (निर्यातीच्या मालासाठी आधीच मिळणाऱ्या परवान्यावर) कापूस आधीपासूनच शुल्काशिवाय आणता येतो. ३२ मिलिमीटरच्या वरच्या जास्त लांब धाग्याच्या कापसावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढलं. ऑस्ट्रेलियाशी करार झाला, त्यात ५१ हजार टनांचा शुल्कमुक्त कोटा. अमेरिकेच्या कराचा फटका बसणाऱ्याला सवलत हवी होती तर ती त्याला होतीच. नव्या माफीचा फायदा देशात कापड विकणाऱ्या बड्या गिरणीला झाला. ट्रम्पने तिरुपूरला मारलं आणि त्याची भरपाई केळापूरच्या शेतकऱ्याकडून. हा कुठला न्याय?

होजिअरीवाला

ॲडव्हान्स ऑथरायझेशन कागदावर फार सोपं दिसतं. तिरुपूरमधले बहुतेक छोटे निर्यातदार बाजारातून सूत घेतात, स्वतः कापूस आणत नाहीत. बँक गॅरंटी, निर्यातीचं बंधन, हिशेब जुळवणं, हे मोठ्यांनाच झेपतं. तुमच्या मक्त्याने कसणाऱ्या शेतकऱ्याला ॲपवर नोंदणी करता येत नाही ना, तसंच आमच्या चाळीस शिलाई मशीनवाल्याला ही योजना वापरता येत नाही.

केळापूरकर

ही तुलना मला पटली. निर्णय पटला नाही.

ढाका रिटर्न

मी काही वर्षं ढाक्याजवळ गाझीपूरला मर्चंडायझिंगमध्ये होतो. तिथल्या कारखान्यांत मराठी, तमिळ माणसं भरपूर. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही, सगळा आयात, आणि तरी तयार कपड्यांत आपल्या पुढे. शुल्काचा विचारही तिथे कोणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे कापूस, सूत, कापड, कपडे सगळं आहे आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीवरच्याचा गळा धरतो. शेतकऱ्याला शुल्क हवं, विणकराला सूतनिर्यात बंद हवी, गारमेंटवाल्याला बाहेरून कापड हवं. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत घेणं थांबवलं, मेमध्ये आपण त्यांचे कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरातून येऊ द्यायचे ठरवलं. त्या सुताचा कापूस तुमच्याच विदर्भ-खानदेशातला असतो, हे कोणाच्या लक्षातच नाही.

तंत्रज्ञान हवं

सगळे फांद्या तोडताय, मुळाकडे या. आपली हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास आणि ब्राझीलची तिच्या चौपट. ब्राझीलचा कापूसही बहुतेक पावसावरच आहे, तेव्हा सिंचनाचं रडगाणं नको. २००६ मध्ये बोलगार्ड-२ ला (बोंडअळीविरुद्धच्या बीटी कापसाच्या दुसऱ्या पिढीला) परवानगी दिली, त्यानंतर फरक पडेल असं एकही नवं तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत आलं नाही. गुलाबी बोंडअळीला ते बीटी केव्हाच पचलंय. तणनाशक सहन करणारं बियाणं सगळं विदर्भ चोर बीटी म्हणून लावतंच आहे, पाकिटावर ना नाव ना पावती, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करायची? २०१९ मध्ये अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी उघड पेरून दाखवलं तर गुन्हे दाखल झाले. निंदणाला बाई मिळत नाही. बियाणं मोकळं करा, शुल्क राहिलं काय नि गेलं काय.

वर्धेची लेक

निंदणाला बाई मिळत नाही असं म्हणणाऱ्याने कधी त्या बाईला मजुरी वेळेवर दिली का, ते आधी सांगावं. आणि बोलगार्ड आलं तेव्हाही हेच बोलत होते, की आता फवारणी संपली. २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. तंत्रज्ञान जरूर आणा, पण ते आलं की भाव आपोआप मिळेल हे मला सांगू नका. ब्राझीलच्या शेतकऱ्याकडे हजारो हेक्टर आणि वेचायला मशीन. माझ्या वडिलांकडे सात एकर.

जुना ग्रेडर

मी राज्याच्या कापूस पणन महासंघात ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, म्हणून आयुष्य घालवलं. इथे सगळ्यांनी एक गोष्ट टाळली, ती मी बोलतो. एकाधिकार योजना मोडली तिथेच कापूस उत्पादक अनाथ झाला. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. राज्यातला एकूण एक कापूस सरकार घेत होतं. ओलावा जास्त म्हणून कोणाची गाडी कायमची परत जात नसे. हमीभाव, वर अग्रिम बोनस, गाठी चांगल्या विकल्या तर आणखी चुकारा. आज तुम्ही ॲपवर स्लॉट शोधताय, तेव्हा गावागावाला केंद्र ठरलेलं होतं.

केळापूरकर

काका, वयाचा मान ठेवून लिहितो, पण हे मला ऐकवत नाही. आमचं गाव पैनगंगेपासून फार लांब नाही. नदीपलीकडे आदिलाबाद. एकाधिकाराच्या काळात आमच्या आज्याने स्वतःच्या शेतातला कापूस रात्री बंडीत भरून नदीपार नेलाय, चोरासारखा. का? तर तिकडे व्यापारी रोख देत होता आणि इकडे केंद्रावर बंड्यांची रांग हटत नव्हती. नाक्यावर पकडलं की माल जप्त. आपल्याच शेतातलं पीक विकणं हा गुन्हा होता! आणि ग्रेडर. माफ करा, पण मुठीत रुई ओढून एक नंबरचा माल दोन नंबर कसा होतो आणि चहापाण्यानंतर तो परत एक नंबर कसा होतो, हे आम्ही लहानपणी पाहिलंय.

जुना ग्रेडर

सगळे ग्रेडर चोर होते असं म्हणायचं असेल तर नाव घेऊन म्हणा. मी निवृत्त झालो तेव्हा राहतं घर भाड्याचं होतं. पाणी मारलेला कापूस, मधल्या थरात कवडी (किडका, पिवळट कापूस) आणि वर पांढरं फूल, हे कोण आणत होतं? शेतकरीच आणत होता. ते नाकारलं की ग्रेडर खाऊ, घेतलं की महासंघ तोट्यात. आदिलाबादचा व्यापारी रोख देत होता तो ज्या वर्षी भाव चढे असायचे त्या वर्षी. मंदीत तोच आदिलाबादचा कापूस नदी ओलांडून आमच्या केंद्रावर यायचा, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या नावावर. तोटा हजारो कोटींचा झाला तो त्यामुळे.

केळापूरकर

म्हणजे योजना अशी होती की दोन्ही वेळी चोरी केल्याशिवाय पान हलायचं नाही. याला तुम्ही शेतकऱ्याचा आधार म्हणता? आणि चुकाऱ्यातून भांडवलाच्या नावाखाली जे टक्के कापले, ते परत मिळवताना किती म्हाताऱ्यांनी चपला झिजवल्या ते मला माहीत आहे.

तंत्रज्ञान हवं

शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच सांगत होते, बंदी उठवा. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली तेव्हा शेतकरी संघटनेने त्या कापडाला 'राजीवस्त्र' म्हणून त्याची होळी केली होती. पुढच्या वर्षी सुरेगावच्या कापूस आंदोलनात गोळीबार झाला. त्यांनी आयात मोकळी करायलाही विरोध केला नसता, फक्त निर्यातही मोकळी मागितली असती.

वर्धेची लेक

गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं मत घालू नका. ते काय म्हणाले असते हे त्यांना विचारता येत नाही.

जुना ग्रेडर

राजीवस्त्राचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो. त्या होळीने काही थांबलं नाही. आज जगात निम्म्याहून जास्त धागा पॉलिस्टरचा, कापूस पावपेक्षाही कमी. तुम्ही दोघं एकमेकांत भांडताय आणि लग्नातल्या साडीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं पॉलिस्टर झालंय. पॉलिस्टरच्या धाग्यावर गुणवत्ता आदेश लावून आयात अडवली होती, तोही नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतला.

खर्चीवाला

पॉलिस्टरचं आम्हाला विचारा. सुरतेचं कापड ज्या भावात येतं त्या भावात आमच्या कॉटनचं सूतसुद्धा येत नाही. पॉपलीन सोडून पीसीवर (पॉलिस्टर-कॉटन मिश्र कापडावर) गेलेले माझे किती तरी मित्र आहेत. कापूस महाग ठेवला तर शेतकरी जिंकत नाही, पॉलिस्टर जिंकतं. कापसाचं गिऱ्हाईक एकदा गेलं की परत येत नाही. केळापूरकर, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

केळापूरकर

देतो. तुमच्या सुताच्या किमतीत कापूस साधारण निम्म्याहून जास्त, बाकी वीज, व्याज, मजुरी. तुम्ही एक सांगा, शुल्क काढल्यापासून तुमच्या गल्लीत सूत किलोला किती उतरलं?

खर्चीवाला

दोन-चार रुपये हललं, तेही परत चढलं. आमच्यापर्यंत फायदा फार आलेला नाही, हे खरं आहे. गिरणीवाला म्हणतो जुना महाग कापूस संपायचाय. तो नेहमीच संपायचा असतो.

केळापूरकर

मग माझ्या खिशातून गेलेले तुमच्या खिशात आले नाहीत. मधे कोणाकडे थांबले, ते आपण दोघांनी मिळून विचारायला हवं.

वर्धेची लेक

वडिलांची गोष्ट सांगते, कारण इथे 'थांबला असता तर भाव मिळाला असता' असं म्हणणारे नेहमी येतात. २०२२ ला दहा हजारांचा भाव गावाने पाहिला होता. पुढच्या हंगामात बाबांनी ठरवलं, नऊ हजारांच्या खाली द्यायचा नाही. कापूस मधल्या खोलीत छतापर्यंत भरला. उन्हाळा लागला तशी घरभर खाज सुटली, माझ्या भाचीच्या अंगावर पुरळ उठले, डॉक्टर म्हणाले कापूस बाहेर काढा. आम्ही अंगणात झोपलो, कापूस घरात झोपला. मे महिन्यात सात हजारांच्या आसपास विकला, वजनात घट आली ती वेगळी. त्यानंतर बाबा कोणाचंच ऐकत नाहीत, दिवाळीला जे येईल ते घेऊन मोकळे होतात.

आणि गिरणीवाल्यांना एक विचारायचं आहे. तुम्ही म्हणता आपल्या कापसात केस, खताच्या पोत्यांचे धागे, प्लास्टिक येतं, म्हणून ब्राझीलचा आणि ऑस्ट्रेलियाचा स्वच्छ कापूस बरा. हे खरं आहे. मी दोन वर्षं वेचणाऱ्या बायांना सुती झोळ्या आणि डोक्याला फडकी दिली, कवडी वेगळी केली. जिनिंगवर नेला तर सगळ्यांच्याच ढिगात ओतला, भाव तोच. स्वच्छतेचा एक रुपया जास्त कोणी देत नाही आणि अस्वच्छतेचं नाव मात्र आमचं.

होजिअरीवाला

ताई, हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे पांढऱ्या टी-शर्टवर पॉलिप्रोपिलीनचा एक निळा धागा दिसला की पूर्ण लॉट रिजेक्ट होतो, कारण तो रंग घेत नाही. त्या भीतीने गिरणी आयात कापसाला खंडीमागे जास्त पैसे द्यायला तयार असते. ते जास्तीचे पैसे इथल्या स्वच्छ कापसाला मिळायला हवेत. 'कस्तुरी कॉटन' (चांगल्या भारतीय कापसाचा ब्रँड) तेवढ्यासाठीच काढलंय, पण गावातल्या जिनिंगपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

तंत्रज्ञान हवं

आणि अमेरिकेचं कोणीच बोलत नाही? तिथल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ ला ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. आपण काय केलं? शुल्क काढून त्याच अमेरिकेच्या कापसाला रस्ता दिला, वर ५० टक्के कर खाल्ला.

केळापूरकर

यात तुमच्याशी पूर्ण सहमत. चोर बीटीवर नाही, पण त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला.

होजिअरीवाले, मी शुल्काला देव मानत नाही. जानेवारी ते सप्टेंबर काढा, माझी हरकत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ठेवा. मक्त्याने कसणाऱ्याची नोंद मालकाच्या ओटीपीशिवाय होऊ द्या. आणि निर्यात कधीच एका रात्रीत बंद करणार नाही असं लिहून द्या.

होजिअरीवाला

मुदत डिसेंबरपर्यंत न्यायला नको होती, हे मला मान्य करावं लागतंय. आमच्या ऑर्डरींना त्या तीन महिन्यांचा फारसा उपयोगही झाला नाही, सूत आधीच घेतलेलं होतं. पण दरवर्षी हंगाम बघून शुल्क चढवायचं-उतरवायचं म्हटलं तर गिरणी सहा महिन्यांपुढचा सौदा करूच शकणार नाही. तो भाग मला अजिबात पटलेला नाही.

खर्चीवाला

मलाही नाही. निर्यातीचं लिहून देणं तर मुळीच नाही. आधी सूत देशात पुरू द्या, मग कापूस कुठे पाठवायचा तो पाठवा.

केळापूरकर

झालं. २०१२ ला हेच सांगून दार बंद केलं होतं. उद्या स्लॉट मिळालाय, पहाटे गाडी भरायची आहे. आल्यावर लिहितो, ओलावा किती लागला तेही सांगतो.